अध्यक्षांची हजेरी

(दृश्य : फ्लोरिडा. तळ्याकाठचं उंच हॉटेल, त्याच्या पोटातून जाणारी मोनोरेल.)

17 नोव्हेंबर 1973. वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधलं कंटेम्पररी हॉटेल. वृत्तपत्रांचे संपादक परिषदेसाठी जमलेत, समोर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन उभे आहेत. वॉटरगेटचं प्रकरण, म्हणजे विरोधी पक्षाच्या कार्यालयातली घुसखोरी आणि ती दडपल्याचा आरोप, गळ्याशी आलंय. प्रश्नांची सरबत्ती चालू असताना निक्सन म्हणतात, आपला राष्ट्राध्यक्ष लबाड आहे की नाही हे लोकांना कळायलाच हवं. तर ऐका, मी लबाड नाही.

हे वाक्य पुढे त्यांना आयुष्यभर चिकटलं. पण गंमत वेगळीच आहे. त्याच क्षणी तिथून पायी जाता येईल इतक्या अंतरावर आणखी एक निक्सन होता. सुटाबुटातला, मान डोलावणारा. त्याला कुणी प्रश्न विचारत नव्हतं.

(दृश्य : लिबर्टी स्क्वेअर. 13 कंदील टांगलेला ओकवृक्ष. लाल विटांची, पांढऱ्या मनोऱ्याची इमारत.)

हे ‘हॉल ऑफ प्रेसिडेंट्स’. डिस्ने वर्ल्डमधलं मॅजिक किंगडम हे उद्यान सुरू झालं त्याच दिवशी, 1 ऑक्टोबर 1971 ला, याचंही दार उघडलं. आपल्याकडे गणपतीत हलते देखावे असतात ना, त्याच जातीची ही गोष्ट. फक्त पैसा आणि तंत्र हॉलिवूडचं. पडदा वर जातो आणि वॉशिंग्टनपासूनच्या सगळ्या राष्ट्राध्यक्षांचे यंत्रावर हलणारे पुतळे एकाच मंचावर. सुरुवातीला 36 होते. एकेकाचं नाव पुकारलं जातं, त्याच्यावर प्रकाश पडतो, तो मान लववतो. इकडे हजेरी चालू असताना मागचे चुळबुळ करतात, शेजाऱ्याकडे वळून बघतात. फ्रँकलिन रूझवेल्टच्या पँटच्या आत पायांना पोलिओचे कॅलिपरसुद्धा आहेत. प्रेक्षकाला ते कधीच दिसणार नाहीत, तरी आहेत.

इतकी बारीक नजर ज्यांची, त्यांच्या हातून जे सुटलं ते नजरचुकीने सुटलं, असं मानायला मन तयार होत नाही.

(दृश्य : न्यूयॉर्क, 1964. जागतिक प्रदर्शनातलं इलिनॉय राज्याचं दालन.)

मूळ कल्पना वॉल्ट डिस्नेची, 1950 च्या दशकातली. त्याला सगळेच अध्यक्ष हवे होते, पण तंत्र तयार नव्हतं. तयार झाला एकटा लिंकन. चेहरा घडवला तो 1860 साली खुद्द लिंकनच्या चेहऱ्यावरून काढलेल्या साच्याच्या आधाराने. न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात हा लिंकन खुर्चीतून उठायचा आणि भाषण करायचा. लोक थक्क व्हायचे.

आता भाषणाकडे या, कारण खरी कारागिरी तिथे आहे. शब्द सगळे लिंकनचेच, पण वेगवेगळ्या वर्षांच्या भाषणांतून वेचून एकाला एक जोडलेले. सुरुवात 1864 च्या बाल्टिमोरच्या भाषणातली : स्वातंत्र्य या शब्दाची चांगली व्याख्या जगाला कधी सापडलीच नाही, सगळेच स्वातंत्र्याचा जप करतात, पण प्रत्येकाच्या मनातला अर्थ निराळा. आणि इथे कात्री. पुढचं वाक्य थेट दुसऱ्या भाषणातलं.

बाल्टिमोरला लिंकन पुढे काय बोलला होता? त्याने लांडग्याची आणि मेंढराची गोष्ट सांगितली होती. मेंढपाळ मेंढराच्या मानेवरून लांडग्याला हुसकावतो. मेंढरू म्हणतं, हाच माझा मुक्तिदाता. लांडगा बोंब ठोकतो, माझ्या स्वातंत्र्यावर घाला घातला! आणि लिंकन हळूच पुस्ती जोडतो : त्यातून मेंढरू काळं असेल तर बघायलाच नको.

प्रदर्शनातल्या लिंकनच्या तोंडी हे मेंढरू आलं नाही. साल लक्षात घ्या. या प्रदर्शनाच्या पहिल्याच दिवशी नागरी हक्कांसाठी निदर्शनं झाली, धरपकड झाली. बाहेर कृष्णवर्णीय तरुण पोलिसांच्या गाडीत चढवले जात होते, आणि आत ज्याने गुलामगिरी संपवली त्याच्या भाषणातून गुलामगिरी काढून टाकलेली होती.

यात वॉल्टचा काही कावा होता असं मला वाटत नाही. त्याला कुणालाही न दुखवणारा देशाभिमान हवा होता. पण न दुखवण्याचं ठरवलं की आधी कुणाचा विचार केला जातो, ते या कात्रीवरून दिसतं.

(दृश्य : मंचावरचे पुतळे, अर्धवट अंधारात.)

वॉल्ट 1966 मध्ये गेला. 1971 चा फ्लोरिडातला खेळ त्याच वळणावर गेला. आधी भव्य पडद्यावर चित्रं : राज्यघटना लिहिली गेली, पेनसिल्व्हेनियातल्या शेतकऱ्यांनी दारूवरच्या कराविरुद्ध बंड केलं, मग साउथ कॅरोलिना राज्याने केंद्राचा कायदा झुगारला आणि अँड्र्यू जॅक्सनने दम भरला. संघराज्य टिकलं की खेळ सुखान्त. याच जॅक्सनने चेरोकींसारख्या मूळ रहिवाशांना त्यांच्या भूमीवरून हुसकावण्याचा कायदा केला, पण त्याला या कथेत कुठे जागा असणार? आणि 36 जणांत बोलायचा फक्त लिंकन. बाकीच्यांनी माना डोलवायच्या.

हे बावीस वर्षं चाललं. मग कोलंबिया विद्यापीठातले इतिहासकार एरिक फोनर यांनी खेळ पाहून डिस्नेला पत्र धाडलं. अशा पत्रांना साधारणपणे केराची टोपली मिळते. डिस्नेने त्यांनाच मदतीला बोलावलं! 1993 मध्ये संहिता बदलली, गुलामगिरीचा प्रश्न गोष्टीच्या मध्यभागी आला, आणि निवेदनाला आवाज मिळाला कवयित्री माया अँजेलो यांचा. तोच खेळ, तेच पुतळे. पण देशाची गोष्ट एक कृष्णवर्णीय बाई सांगू लागली.

त्याच वर्षी आणखी एक बदल झाला, आणि पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं. विद्यमान अध्यक्ष बोलू लागला. बिल क्लिंटन यांनी स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रण करून दिलं. मग धाकटे बुश, मग 2009 मध्ये ओबामा.

(दृश्य : बंद दार, त्यावर दुरुस्तीची पाटी.)

मेलेल्या अध्यक्षाला हवं ते बोलायला लावता येतं. जिवंत अध्यक्षाचे मात्र जिवंत विरोधक असतात. 2017 मध्ये डोनाल्ड ट्रम्प अध्यक्ष झाले आणि ऑनलाइन अर्ज फिरला : पुतळा ठेवा, पण त्याला बोलू देऊ नका. डिस्नेने ऐकलं नाही. डिसेंबरात दार उघडलं, चेहऱ्याची यथेच्छ टर उडवली गेली, आणि एका प्रेक्षकाने खेळ चालू असतानाच पुतळ्यावर आरडाओरडा केला.

डिस्नेची ढाल म्हणजे विद्यमान अध्यक्षाच्या पुतळ्याने म्हणायची पदाची शपथ. राज्यघटनेतच लिहून ठेवलेले 35 शब्द, कुठल्याही पक्षाच्या माणसाला तेच. ओबामांनी ती घेतली, ट्रम्प यांनी घेतली, 2021 मध्ये बायडन यांनीही. तेव्हा ट्रम्प मागच्या रांगेत गेले. जानेवारी 2025 मध्ये त्यांच्या पुनरागमनामुळे खेळ पुन्हा थांबवावा लागला. नवा पुतळा मात्र लागणार नव्हता. ग्रोव्हर क्लीव्हलंड दोनदा, मध्ये खंड पडून अध्यक्ष झाले, तरी त्यांचा पुतळा एकच, तसंच हे. अध्यक्षपदाचे क्रमांक 47, पुतळे 45.

(दृश्य : सावकाश सरकणारा कॅमेरा, मंचाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.)

आणि निक्सन? 9 ऑगस्ट 1974 ला ते पायउतार झाले. पुतळा हलला नाही. हजेरीत अजूनही त्यांचं नाव येतं. प्रकाश पडतो. ते मान लववतात, आणि नाव पुढच्याचं पुकारलं जातं.