न्हाणीघरातलं प्लास्टिक आणि कोकणातली हवा

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

शाम्पूची पुडी हातात घेऊन बघा. प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर एकमेकांवर चिकटवलेले असतात. ते वेगळे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवालासुद्धा पुडीला हात लावत नाही. मग ती जाते न्हाणीमागच्या चुलीत नाहीतर व्हाळात, आणि पहिल्या पावसात व्हाळातून खाडीत. 1 जुलै 2022च्या केंद्राच्या, एकदाच वापरायच्या प्लास्टिकवरच्या बंदीत प्लास्टिकच्या काडीचे कान कोरायचे बोळे आले, शाम्पूची पुडी आली नाही.

पण ही पुडी, बाटली, ट्यूब एक काम चोख करते. ती दमट हवा बाहेर ठेवते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीला ओल येते, मीठ पाझरतं, पापड मऊ पडतात. तिथं प्लास्टिक काढलं की ते काम दुसऱ्या कशालातरी द्यावं लागतं. बहुतेकांचा प्रयोग फसतो तो इथं. पुण्यात टिकलेली वस्तू दापोलीत बुरशी धरते आणि माणूस म्हणतो, हे आपल्याला जमणारं नाही.

दुसरी अडचण पाण्याची. कातळावरच्या, जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बहुधा हलकं असतं. खाडीकाठच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. साबण या पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी जुळून न विरघळणारा साका बनवतो. बादलीच्या काठाला दिसतो तोच साका केसांतही बसतो. म्हणून आधी पाणी तपासा. काचेच्या दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत विहिरीचं पाणी अर्धं भरा, दुसरीत तेवढंच पावसाचं साठवलेलं. दोन्हींत साबणाचा चिमूटभर कीस टाकून जोरात हलवा. पावसाच्या पाण्यावर फेस उभा राहील. विहिरीच्या पाण्यात फेसाऐवजी दह्यासारखे कण दिसले, तर केसांना साबणाची वडी लावू नका.

बाजारात ‘शाम्पू बार’ म्हणून दोन अगदी वेगळ्या वस्तू एकाच नावानं विकल्या जातात. एक खरा साबण, तेल आणि कॉस्टिक सोड्याचा. दुसरी सौम्य फेसकारकांची वडी. तिच्या वेष्टनावर ‘सोडियम कोकोइल आयसेथिओनेट’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. जड, म्हणजे साका धरणाऱ्या पाण्यात दुसरीच चालते. पहिली वापरायचीच असेल, तर शेवटी लिटरभर पाण्यात अर्धं लिंबू पिळून केसांवरून ओता. आंबटपणासाठी कोकमाचं आगळ घेऊ नका, त्यात मीठ असतं.

त्यापेक्षा शिकेकाई बरी. तिच्यातलं सॅपोनिन, म्हणजे फेस आणणारं द्रव्य, कॅल्शियमशी जुळून साका करत नाही, त्यामुळे मचूळ पाण्यातही केस चिकट होत नाहीत. पंचवीस ग्रॅम शेंगा आणि बिया काढलेले चार रिठे रात्रभर अर्धा लिटर पाण्यात भिजवा, सकाळी मंद आचेवर पाणी दोन-तृतीयांश होईपर्यंत उकळा, फडक्यानं गाळा. डोळ्यांत गेलं तर रिठा चांगलाच झोंबतो. हे पाणी पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबतं, म्हणून एका न्हाण्यापुरतंच करा. कुटलेली पूड जूनपर्यंत संपवा. पावसाळ्यासाठी अख्ख्या शेंगा मे महिन्यात कडक उन्हात वाळवून चिनी मातीच्या बरणीत ठेवा.

अंगाच्या साबणाचं मात्र आपल्याकडे सोनं आहे: खोबरेल. खोबरेलाचा साबण खाऱ्या पाण्यातही फेस देतो. दर्यावर्दी मंडळी असाच साबण वापरत. निव्वळ खोबरेलाचा साबण कातडी कोरडी पाडतो, म्हणून वीस टक्के तेलाचा साबण होऊ न देता ते मुद्दाम तसंच शिल्लक ठेवतात. प्रमाण वजनानं, मापानं नाही: 500 ग्रॅम खोबरेल, 73 ग्रॅम कॉस्टिक सोडा, 150 ग्रॅम पाणी. पाणी पावसाचं असेल तर उत्तम.

कॉस्टिक पाण्यात टाकायचा, पाणी कॉस्टिकवर कधीच नाही. उसळून अंगावर येतं. भांडं स्टीलचं. अ‍ॅल्युमिनियम किंवा हिंदालियमचं नको, त्यावर कॉस्टिकची क्रिया होऊन हायड्रोजन निघतो. हातमोजे, चष्मा हवाच, पोरं-मांजरं बाहेर. अंगावर थेंब उडाला तर वाहत्या पाण्याखाली धरा, लिंबू-बिंबू चोळू नका. द्रावण आणि तेल दोन्ही कोमट झाले की एकत्र करा आणि घुसळा. रवीची रेघ पृष्ठभागावर टिकू लागली की बटर पेपर लावलेल्या लाकडी खोक्यात ओता. खोबरेलाचा साबण फार भरभर घट्ट होतो. वड्या त्याच दिवशी, सहा-आठ तासांत, तो जरा गरम असतानाच पाडा. दुसऱ्या दिवसावर ठेवलात तर सुरीखाली तुकडे उडतात. मग पडवीत सावलीला, फळ्यांवर अंतर सोडून चार ते सहा आठवडे वाळवा.

हे काम फेब्रुवारी-मार्चमध्येच उरका. कॉस्टिक हवेतली ओल झपाट्यानं ओढतो. पावसाळ्यात उघड्या पाकिटातून तोललेल्या 73 ग्रॅममध्ये पाणी किती आणि कॉस्टिक किती, कोण जाणे. साबण तेलकट राहतो आणि दोष तेलाला मिळतो. पाकीट फोडलं की संपवायचं. तयार वड्यांनाही जूनमध्ये घाम सुटतो, कारण साबणातलं ग्लिसरीन हवेतलं पाणी खेचतं. साबण खराब झालेला नसतो. कागदात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवा, एकावेळी एकच बाहेर काढा. खाली नारळाचं सुकं सोडण ठेवलंत तर पाणी निथळतं आणि वडी दुप्पट टिकते.

अंग घासायला घोसाळं. जूनमध्ये बी लावा, चार-पाच फळं वेलावरच सोडा. साल तपकिरी झाली, फळ हलकं झालं आणि आत बिया खुळखुळल्या की काढा, भिजवून सोला, बिया झटका, उन्हात टाका. न्हाणीत ओलं लोंबकळत ठेवलंत तर आठ दिवसांत काळं पडेल.

दात. बांबूच्या ब्रशचे केस बहुधा नायलॉनचेच असतात. टाकताना पकडीनं उपटा, मगच दांडा चुलीत किंवा खतात. पावसाळ्यात ब्रश न्हाणीत नको, स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा ठेवा. पेस्ट अ‍ॅल्युमिनियमच्या ट्यूबमधली किंवा काचेच्या बरणीतल्या गोळ्यांची मिळते, मात्र फ्लोराइड आहे ना ते बघून घ्या. राखुंडीनं दातांचं आवरण झिजतं. आणि मशेरीला कागदाची पुडी असते म्हणून ती बरी असं कुणी म्हणू नये; ती भाजलेली तंबाखूच आहे.

बायकांसाठी महत्त्वाचं. कापडी पॅड चांगले, पण ते कडक उन्हात वाळायला हवेत, आणि जुलैत ऊन कुठलं? दमट पॅडनं खाज, जंतुसंसर्ग होतो. इथल्या हवेला पाळीत आत बसवायचा सिलिकॉनचा कप जास्त योग्य. साधारण पंचवीस मिलिलिटर मावतं, बारा तासांच्या आत रिकामा करावा, पाळी संपली की पाच मिनिटं उकळावा. जड पाण्यात पांढरा थर बसला तर उकळताना चमचाभर व्हिनेगर घाला. काढताना देठ ओढू नका. तळ चिमटून आधी हवा आत जाऊ द्या. तांबी बसवली असेल तर डॉक्टरांना विचारूनच. केरळात कोचीजवळ, खाडीकाठच्या कुंबळंगी पंचायतीनं कप आणि कापडी पॅड वाटले, आणि जानेवारी 2022मध्ये ती सॅनिटरी नॅपकिनमुक्त जाहीर झाली. पाऊस त्यांच्याकडेही भरपूर असतो.

दाढीला धातूचा रेझर घ्या. खाऱ्या वाऱ्यानं पातं दोन दिवसांत गंजतं, म्हणून वापरानंतर झटकून सुकवा आणि खोबरेलाचा थेंब लावा. कापलं तर तुरटी. काखेच्या वासालाही ओली तुरटीच फिरवा. खाण्याचा सोडा पुष्कळांच्या कातडीला चावतो.

शेवटी लेबलांचं. ‘बायोप्लास्टिक’, ‘कंपोस्टेबल’ लिहिलेलं बरंच काही पीएलए नावाच्या प्लास्टिकचं असतं. त्याला कुजायला कारखान्यातल्या खताच्या ढिगाची साठ अंशांच्या आसपासची उष्णता लागते. आपल्या परसातल्या खड्ड्यात किंवा समुद्रात ते तसंच पडून राहतं. आणि आत्ता घरात असलेल्या बाटल्या फेकू नका. त्यातलं संपवा, बाटल्या धुऊन रिठ्याच्या पाण्याला वापरा. जुन्या पात्यांसाठी एका बंद डब्याला फट पाडून ठेवा, भरला की भंगारात द्या. उघडी पाती कचरा वेचणाऱ्याचा हात कापतात.