शेजारच्या बेटावरचे राहणीमान

श्रोतेहो, नमस्कार.

कोलंबोत उतरलेल्या भारतीय प्रवाशाची पहिली फसगत रुपयाच्या नावामुळे होते. तिथले चलनही रुपयाच. पण आपल्या एका रुपयाला तिथले साडेतीनच्या आसपास रुपये पडतात, आणि चहाच्या कपाची तीन आकडी किंमत वाचून बसलेला धसका हिशेब केल्यावर ओसरतो. भारत आणि श्रीलंका या दोन देशांतल्या राहणीमानाची तुलना करताना असेच आणखी काही हिशेब करावे लागतात, आणि त्यांतला सर्वांत मोठा उत्पन्नाचा आहे.

श्रीलंकेचे दरडोई उत्पन्न आपल्या साधारण दीडपट आहे. मात्र केवळ तेवढ्याने पुढचा फरक उलगडत नाही. आपल्याकडे २०२३ मध्ये हजार जिवंत जन्मांमागे २५ बाळे वर्षाची होण्याआधी दगावली. श्रीलंकेतला आकडा याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी आहे. तिथले सरासरी आयुर्मान सत्त्याहत्तरच्या घरात आहे, आपले बहात्तरच्या. आणि ही आघाडी आजकालची नाही, १९६० च्या सुमारास ती याहून मोठी होती.

तिचे मूळ शोधताना मी तरी १९३१ पर्यंत मागे जातो. त्या वर्षी, ब्रिटिशांचेच राज्य असताना, सिलोनमधल्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेतल्या, एकवीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांना मताधिकार मिळाला. आपल्याकडे सर्व प्रौढांनी मतदान केले ते १९५१-५२ च्या निवडणुकीत. मते मागायला गावोगाव जावे लागल्यावर गावकऱ्यांनी उमेदवारांकडे दवाखाना आणि शाळा मागितली, हे ओघानेच आले. पुढे १९३४-३५ मध्ये पाऊस हुलकावणी देऊन गेला, नद्यांची डबकी झाली, डबक्यांत डास माजले आणि मलेरियाने सुमारे ८० हजार माणसे नेली. कळुतरा येथे १९२६ मध्ये प्रयोग म्हणून सुरू झालेले आरोग्य केंद्र त्यानंतर बेटभर पसरवण्यात आले. शिक्षणमंत्री कन्नंगरा यांनी १९४५ मध्ये शिक्षण मोफत केले. मलेरियाचे पुढे अनेक चढउतार झाले, आणि २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने श्रीलंका मलेरियामुक्त झाल्याचे जाहीर केले.

या साऱ्या व्यवस्थेचा कणा म्हणजे सरकारी सुईण. आपण सुईण म्हटले की अनुभवावर बाळंतपण करणारी म्हातारी डोळ्यांपुढे येते. तिथली सुईण प्रशिक्षित, पगारी कर्मचारी असते आणि साधारण तीन ते पाच हजार वस्ती तिच्याकडे असते. बाळंतपण आज जवळजवळ नेहमी रुग्णालयातच होते, त्यामुळे तिचे खरे काम त्याच्या आधी आणि नंतर असते. गर्भवतीची नोंद करायची, बाळंतीण घरी आली की पहिल्या दहा दिवसांत तिच्या दारी जायचे, नाळ सुकली का, बाळ नीट पिते का हे पाहायचे, आणि पुढे दरमहा त्याचे वजन तक्त्यावर मांडायचे. ज्याची रेघ खाली झुकते, त्याच्या आईला त्रिपोषाचा पुडा मिळतो. मका, सोयाबीन आणि दुधाची भुकटी यांचे हे पीठ १९७० च्या दशकापासून घरोघर माहीत आहे. आपल्या अंगणवाडीतही वजनकाटा आहे, तक्ता आहे, घरी न्यायचा पोषण आहारही आहे. पण ही योजना आपल्याकडे १९७५ मध्ये, तीही मोजक्या भागांत सुरू झाली.

अर्थात जेमतेम सव्वादोन कोटी वस्तीच्या, महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाएवढ्या बेटाशी अख्ख्या भारताची तुलना करणे काहीसे अन्यायाचेच आहे. केरळ श्रीलंकेच्या बरोबरीने उभे राहते, महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि काही उत्तरेकडची राज्ये फार मागे आहेत. सरासरी म्हणजे या सगळ्यांची भेळ.

श्रीलंकेच्या सरासरीतही एक खाच आहे. नुवरा एलियाच्या चहामळ्यांत ब्रिटिशकाळात बांधलेल्या खोल्यांच्या ओळी आहेत. तिथले तमिळ कामगार त्यांना ‘लयम’ म्हणतात. दहा बाय बाराची एक खोली, पुढे ओटा, आणि त्यात अख्खे कुटुंब. ज्यांच्या पूर्वजांना मळेवाल्यांनी दक्षिण भारतातून नेले, त्या या लोकांपैकी बहुतेकांचे नागरिकत्व स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ मध्ये काढून घेण्यात आले, आणि त्याबरोबर मतही गेले. मळ्यांतल्या शाळा सरकारने ताब्यात घेतल्या त्या १९७० नंतर, आणि बालमृत्यूही तिथे दीर्घकाळ देशाच्या सरासरीहून जास्तच राहिले. मताबरोबर दवाखाना आला असे मी मघाशी म्हणालो, त्याची ही दुसरी बाजू.

मग २०२२ आले. परकी चलन संपले, एप्रिलमध्ये देशाने कर्जफेड थांबवली, तेरा-तेरा तास वीज जाऊ लागली आणि कागद नाही म्हणून पश्चिम प्रांतातल्या शाळांच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. त्या काळात भारताने सुमारे चार अब्ज डॉलरची मदत दिली. आयुर्मानाच्या आकड्यात या वर्षाचा फारसा मागमूस दिसत नाही. पण डॉक्टर देश सोडून जाऊ लागले, दारिद्र्य जवळपास दुप्पट झाले आणि मका न मिळाल्याने त्रिपोषाचे उत्पादन खोळंबले. वजनाच्या दिवशी काटा टांगला जात होता, रेघ ओढली जात होती. ती खाली झुकली तरी आईच्या हातात ठेवायला पुडा नव्हता.