गेजला तेल कळत नाही, ओहम कळतात

इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी ऑइल प्रेशरचा काटा उठत नाही म्हणून सेन्सर बदलला असेल. मीही बदललाय, एकाच गाडीत दोनदा, आणि दोन्ही वेळा काढलेला सेन्सर ठणठणीत होता. ती फजिती सांगतोच. पण चालत्या गाडीत काटा पडला किंवा लाल दिवा लागला, तर वायरिंगचं डोकं नंतर चालवा. आधी इंजिन बंद, मग डिपस्टिकने तेलाची पातळी. दाब खरंच गेला असेल तर बेअरिंग जळायला फार वेळ लागत नाही.

इलेक्ट्रिक गेजला तेलाशी काही देणंघेणं नसतं. चावी फिरवली की करंट गेजमधून एका वायरने सेंडरपर्यंत, म्हणजे इंजिनवरच्या दाबाच्या सेन्सरपर्यंत येतो, आतल्या रेझिस्टन्समधून (तो ओहममध्ये मोजतात) जातो आणि सेंडरच्या आट्यांवाटे इंजिनच्या ब्लॉकला, म्हणजे अर्थला मिळतो. दाब वाढला की सेंडरमधला पडदा ढकलला जातो, रेझिस्टन्स बदलतो, काटा हलतो. या वाटेत गंजाने, रंगाने, ढिल्या टर्मिनलने जी भर घातली, तीही गेज दाबाच्याच खात्यात मांडतं.

दिव्याचा स्विच निराळा. तो नुसता चालू-बंद. दाब नसताना अर्थला जोडलेला, साधारण 0.3 ते 0.5 बार दाबाला सुटणारा. त्याला गेज जोडलंत तर काटा या टोकाला नाहीतर त्या टोकाला, मधे कुठेच नाही.

सेंडर आणि गेज यांची जोडी जुळावी लागते. व्हीडीओ (VDO, गेज बनवणारी जर्मन कंपनी) पद्धतीचा सेंडर शून्य दाबाला 10 ओहम आणि पूर्ण दाबाला 180च्या आसपास दाखवतो. अमेरिकन पद्धतीचे बरेच सेंडर उलटे: शून्याला 240, पूर्ण दाबाला 33. इंजिन बंद असताना काटा वर आणि सुरू केल्यावर खाली येत असेल, तर जोडी चुकलीय. आट्यांचंही तसंच. एक अष्टमांश एनपीटीला, म्हणजे अमेरिकन पाइप आट्याला, इंचाला 27 आटे, ब्रिटिश बीएसपीला 28. दोन-तीन फेरे गोडीगुलाबीने जातात, मग आवळलं की आटे मरतात.

आता माझी फजिती. इंजिनच्या हादऱ्याने पितळी टी-जोड तुटू नये म्हणून मी सेंडर रबरी होजवर घेऊन रंगवलेल्या पट्टीला बसवला. गेज 240-33चं. काटा शून्यावर. सेंडर बदलला, शून्य. पुन्हा बदलला, शून्य. शेवटी वायर काढून क्षणभर ब्लॉकला टेकवली, तर काटा झटकन वरच्या टोकाला! म्हणजे गेज आणि वायर शाबूत. मग मल्टिमीटरची एक पिन सेंडरच्या अंगाला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावली. जवळपास शून्य ओहम यायला हवेत, मीटर म्हणतो सर्किटच नाही. सेंडरला अर्थ द्यायचाच राहिला होता. एक वेगळी वायर ओढली आणि काम झालं. टेफ्लॉन टेपचे जाड वेढेही असंच करू शकतात. मात्र पुष्कळदा आटे टेप फाडून धातूला भिडतात, म्हणून आधी मोजा, मग टेपला दोष द्या.

माझं नशीब की गेज त्या जातीचं होतं. 10-180च्या गेजमध्ये हीच चूक दाब जास्त दाखवते. अर्थमध्ये 40 ओहम अडकले, तर पाच बारच्या सेंडरवर, दाब शून्य असतानाही काटा एक बारच्या आसपास बसतो. तेल संपत चाललंय आणि काटा म्हणतो सगळं ठीक! म्हणून इंजिन सुरू करण्याआधी नुसती चावी फिरवून बघत जा: काटा शून्यावर टेकतोय ना?

तीन वायरींच्या नव्या सेन्सरवर मात्र हा टेकवाटेकवीचा प्रयोग नको. त्याला पाच व्होल्टचा पुरवठा असतो आणि सिग्नल साधारण अर्धा ते साडेचार व्होल्ट. तिथे व्होल्टेजच मोजायचं.

मघाशी एकांनी विचारलं, इंजिन तापल्यावर आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन सावकाश चालू असताना, काटा खाली येतो, काळजी करायची का? तेल तापलं की पातळ होतं, पंपही सावकाश फिरतो, थोडा उतार असणारच. जुने मेकॅनिक दर हजार आरपीएमला (मिनिटाला फेरे) दहा पीएसआय दाब धरतात, पण तो अंदाज. खरा आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये. आणि काटा त्याच्याही खाली जात असेल, तर सेंडर काढून त्याच भोकात साधं मेकॅनिकल गेज बसवा. त्याला ना वायर, ना अर्थ. तेही कमीच दाखवत असेल, तर मल्टिमीटर ठेवून द्या आणि इंजिन उघडायला पाने काढा.