पान्यावरचा आकडा

नमस्कार श्रोतेहो.

मागच्या महिन्यात नागपूरच्या इतवारीत लोहाओळीकडे गेलो असताना वाटेत एका भंगाराच्या दुकानापाशी थांबलो. काट्यावर एक पोतं चढलं होतं. कुहीकडच्या कुण्या शेतकऱ्याच्या घरचं. वर नांगराचे झिजलेले फाळ, तुटकी साखळी, आणि तळाशी नट-बोल्ट खोलायचे नऊ पाने. दुकानदार सगळं एका भावात तोलत होता. त्यात त्याचं काही चुकत नव्हतं, वजनाचाच त्याचा धंदा. मी ते नऊही पाने मागून घेतले. त्यातल्या एकावर खोदलं होतं, १/४ डब्ल्यू. आज मी तुमच्याशी बोलायला बसलो आहे तो या आकड्यासाठी.

गॅरेजात इंची माप सुतात बोलतात. इंचाचे आठ सूत. पाव इंच म्हणजे दोन सूत, अर्धा इंच म्हणजे चार. मी सतरा वर्षांचा असताना कामठी रोडवरच्या एका गॅरेजात शिकत होतो. उस्तादांकडे विहिरीवरचं एक ऑइल इंजिन दुरुस्तीला आलं, जुनं, लिस्टर या इंग्रजी कंपनीच्या धाटणीचं. मला म्हणाले, दोन सुती पाना आण. पेटीत १/४ लिहिलेला पाना सापडला खरा, पण त्याचं तोंड चार सुतांहूनही मोठं! मला वाटलं, आकडा चुकीचा पडला असेल. तो ठेवून दिला, नटाकडे नजर टाकली आणि चौदा नंबर, म्हणजे चौदा मिलिमीटरचा पाना लावला. जोर दिला तशी नटाची कोनं गोल झाली आणि माझी बोटं इंजिनावर सोलली गेली. उस्ताद रागावले नाहीत. मघाचा पाना माझ्या हातात देऊन म्हणाले, "आकडा तोंडाचा नाही बे, बोल्टाच्या दांडीचा आहे."

हे एक वाक्य कळायला मला पुढची कितीतरी वर्षं लागली. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये आट्यांचं, म्हणजे नट-बोल्टावरच्या पेचाच्या चऱ्यांचं, एक ठरीव माप मांडलं. त्याआधी प्रत्येक कारखाना आपापले आटे पाडायचा, एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर चढायचा नाही. व्हिटवर्थनी आट्याचा कोन ५५ अंश ठरवला आणि बोल्टाच्या जाडीवरून सगळी मापं बांधली. पान्याला नाव मिळालं तेही बोल्टाचं. पाव इंची बोल्टाचा नट समोरासमोरच्या बाजूंमध्ये ०.५२५ इंच भरतो, म्हणजे १३.३ मिलिमीटरच्या थोडा वर. तेरा नंबर त्यावर चढत नाही, चौदा नंबर फिरतो. माझी बोटं सोलली ती या अर्ध्या मिलिमीटरहून थोड्या जास्त फटीमुळे.

पुढे बारीक आट्यांचे बोल्ट आले. त्यांची डोकी एक माप लहान होती, म्हणून त्या पान्याच्या एकाच तोंडावर तुम्हाला दोन आकडे दिसतील, १/४ डब्ल्यू आणि ५/१६ बीएस. डब्ल्यू म्हणजे व्हिटवर्थ, बीएस म्हणजे हे बारीक आटे. दुसऱ्या महायुद्धात पोलाद वाचवायला ब्रिटिशांनी व्हिटवर्थ बोल्टांचीही डोकी लहान केली. त्यामुळे एकाच जाडीच्या दोन बोल्टांना दोन वेगळे पाने लागू शकतात. एक युद्धाआधीचा, दुसरा नंतरचा. हे ठाऊक नसलं की माणूस पान्याला दोष देतो.

अमेरिकन पद्धत सरळ आहे, आकडा तोंडाचाच. जीपवर किंवा मॅसी, इंटरनॅशनलच्या ट्रॅक्टरांवर काम केलेल्यांना ती माहीत आहे. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, तिथे एकोणीस नंबर छान बसतो. पण ९/१६ ला चौदा जात नाही आणि पंधरा ढिला होतो. पुढे हरियाणातल्या पिंजोरला झेटर या चेक कंपनीच्या आराखड्यावर एचएमटीचे ट्रॅक्टर बनू लागले, ते सगळे मिलिमीटरवाले. आता विचार करा, आपल्याकडच्या एखाद्या गोठ्यात विहिरीचं जुनं इंजिन, आजोबांची मॅसी आणि काकांचा झेटर एकत्र उभे असले, तर पान्यांची तीन घराणी लागतात. मी तीन पेट्या ठेवतो आणि एका पेटीचा पाना दुसरीत जाऊ देत नाही.

घरी येणारे विचारतात, एवढे पाने भिंतीवर का लावत नाही? मला ते कामाला हवे असतात. त्या पोत्यातला १/४ डब्ल्यू पाना मी काटोलकडच्या एका संत्र्याच्या बागेत घेऊन गेलो होतो. इंजिनाचा नट पक्कडीने ओरबाडलेला, तरी पाना बसला आणि नट सुटला.

विकत घेताना पान्याचं तोंड फाकलेलं नाही ना, कोपऱ्यात केसाएवढी चीर नाही ना, एवढं उजेडात नीट बघा. चीर असेल तर कितीही मोठ्या नावाचा असो, सोडून द्या. स्क्रू पान्याची सरकणारी दाढ हलवून पाहा. असा पाना स्वीडनच्या योहानसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बनवला. तो लावताना जोर नेहमी पक्क्या दाढेवर यायला हवा. उलटा लावून ओढल्यामुळेच बाजारातले निम्मे स्क्रू पाने ढिले झालेले असतात, असं माझं ठाम मत आहे. छन्नीचं डोकं ठोकून ठोकून छत्रीसारखं पसरलं असेल तर आधी घासून घ्या, त्याची कपची उडून डोळ्यात जाते.

आणि जीपचं किंवा अँबेसेडरचं इंजिन चालू करायचं हँडल मिळालं तर एक गोष्ट मुलांना जरूर शिकवा. हँडल मारताना अंगठा बाकीच्या चार बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, मूठ आवळायची नाही. इंजिन उलटं फिरलं तर हँडल हातातून सुटून जातं. अंगठा पलीकडे गुंतला असेल तर हाड मोडतं.

गंजासाठी तेजाब वापरू नका. कडक पोलाद त्याने ठिसूळ होतं. ग्राइंडरने निळं पडेपर्यंत घासलं तर पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतो. मी एक भाग काकवी आणि नऊ भाग पाणी घेऊन त्यात पाने दहा-पंधरा दिवस बुडवून ठेवतो. वास येतो, म्हणून बादली अंगणात लांब ठेवायची. अॅल्युमिनियमची वस्तू त्यात टाकायची नाही. बाहेर काढल्यावर ब्रशने धुऊन लगेच कोरडं करायचं आणि तेल लावायचं. पावसाळ्यात अर्धा दिवस ओलं राहिलं तरी तांबूस थर परत येतो.

हातोडीच्या बाभळीच्या दांड्याला आपल्या विदर्भातलं जवसाचं तेल लावा, लाकूड तडकत नाही. पण तेल पुसलेला फडका गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना स्वतःच तापतं, गुंडाळीत ती उष्णता अडकते आणि फडका आपोआप पेट घेतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये तर फारच जपायला हवं. काम झालं की तो फडका उघडा करून मोकळ्या जागी दोरीवर वाळत घाला किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.

नमस्कार.