कुझ्मा इओनिच

नमस्कार, श्रोतेहो.

रशियन कादंबरी हातात घेतली की पुष्कळांचं घोडं नावांपाशी अडतं. माझंही अडलं होतं. कॉलेजात असताना सोव्हिएत पुस्तकांच्या प्रदर्शनात दस्तयेव्हस्कीच्या 'गुन्हा आणि शिक्षा'चं इंग्रजी भाषांतर स्वस्तात मिळालं. कादंबरी १८६६ सालची. शंभरेक पानं वाचूनही अवदोत्या रोमानोव्ना कोण, दून्या कोण, दुनेच्का कोण, याचा मेळ लागेना. या तिन्ही हाका कादंबरीचा नायक रास्कोल्निकोव्ह याच्या एकुलत्या एका बहिणीच्या आहेत हे उमगलं, तेव्हा मी पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केलं.

रोमानची मुलगी ती रोमानोव्ना, मुलगा तो रोमानोविच. सातबाऱ्यावर, शाळेच्या पटावर आपल्याही नावाला वडिलांचं नाव जोडलेलं असतं. पण हाक मारताना आपण ते घेत नाही. रशियन माणूस घेतो, आणि मान द्यायचा असला की आवर्जून घेतो. रास्कोल्निकोव्हचंच बघा: आईसाठी जो रोद्या, तोच चारचौघांत रोदिओन रोमानोविच. आपल्या 'अरे' आणि 'अहो'सारखंच हे. एकदा तिकडे कान लागला, की कोण कुणाच्या किती जवळचं आहे ते लेखकाने सांगावं लागत नाही.

आणि मग मला चेखॉव्हची एक कथा भेटली. १८८६ सालची, पाच-सहा पानांची. तेव्हा तो २६ वर्षांचा होता, डॉक्टरकी करत होता. कथेचं नाव 'तोस्का'. दुःख म्हणावं, तर जीव कुठेच न लागण्याची त्यातली कासाविशी निसटते. मला अजून पुरा पडेल असा मराठी शब्द सापडलेला नाही.

संध्याकाळ, ओला बर्फ पडतोय. इओना पोतापोव्ह हा म्हातारा गाडीवान बर्फाने पांढराफटक होऊन गिऱ्हाइकाची वाट बघतोय. त्याचा मुलगा याच आठवड्यात गेला. लष्करी अधिकाऱ्याला तो सांगू बघतो. अधिकारी डोळे मिटून घेतो. मग तीन तरुण बसतात. त्यांच्यातला एक म्हणतो, सगळेच मरणार आहोत, चल, हाक गाडी. मुक्कामी एक पोरगा पाणी प्यायला उठतो, त्यालाही सांगायला जातो, तोवर तो पांघरुणात गुडूप.

शेवटी इओना तबेल्यात जातो. घोडी वाळलं गवत चघळतेय. "चघळ, चघळ," तो म्हणतो. ओटच्या दाण्यापुरतीही कमाई झाली नाही, तर गवतच खाऊ. मी म्हातारा झालो गं. गाडी पोराने हाकायची, खरा गाडीवान तोच होता. मग म्हणतो, कुझ्मा इओनिच गेला.

इओनिच म्हणजे इओनाचा मुलगा. घोडीपाशी पोराचं नाव घेतानाही बाप ते पुऱ्या मानाने घेतो, आणि त्या नावात तो स्वतःही आहे. हे वाक्य मी ओलांडून पुढे जाऊ शकले नाही. कितीतरी वेळ पुस्तक तसंच मांडीवर होतं.

घोडी चघळत राहते, ऐकते, आणि धन्याच्या हातांवर श्वास सोडते.