दूध सुटतं, आई सुटत नाही

गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर रात्री कासवाची मादी येते, शंभरेक अंडी घालते, वर वाळू लोटते आणि समुद्रात परत जाते. 45 ते 60 दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात. आईची आणि त्यांची गाठ कधी पडतच नाही.

रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला उतरलं, की गोष्ट अगदी वेगळी. बांधावरची ही पावलं बघा. ओहोटी नुकतीच लागली आहे, चिखल ओला आहे. एक रुंद पंजा, बोटांमधल्या पडद्याची रेघही उमटलेली. भोवती लहान पंज्यांची दाटी. उदाची मादी, म्हणजे पाणमांजर, पिल्लांना घेऊन पहाटे इथून गेली.

जन्मतात तेव्हा पिल्लांचे डोळे मिटलेले असतात, आणि उदाची असूनही पाण्याला ती बिचकतात. आईने एकाला मानेला धरलं, काठावरून खाली ओढलं. ते चिरकत परत वर चढलं. तिने पुन्हा ओढलं. आता तिच्या तोंडात काळुंद्र मासा आहे, अर्धमेला. तो तिने उथळ पाण्यात पिल्लांपुढे सोडला. तीन ते पाच महिन्यांत दूध सुटतं, आई सुटत नाही. अंगाने तिच्याएवढी व्हायला वर्ष लागतं. तोवर सगळं कुटुंब मिळून मासे घेरतं.

ही शाळा भरते ती माणसाने घडवलेल्या जमिनीत. पोर्तुगीज 1510 मध्ये आले, त्याच्याही आधी इथल्या गावकऱ्यांनी नदीला बांध घालून खाजनं, म्हणजे बांधाआडची सखल शेतं, उभी केली. बांधात ही मानस, म्हणजे पाण्याची झडप. भरतीच्या रेट्याने तिची लाकडी दारं आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. पावसाळ्यात आत कोरगूट भात, नंतर मासळी. मानशीच्या तोंडाशी शेवटे मासे आणि सुंगटं, म्हणजे कोळंबी, गोळा होतात, हे माणसाइतकंच उदालाही ठाऊक आहे. हे शहाणपण आपल्या मातीतलं आहे, आणि ते रोज हाताने जपावं लागतं. बांध फुटला, की खारं पाणी शेतात शिरतं आणि उदाच्या बिळातही.

2019 मध्ये या उदाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. बिळाची राखण मात्र बांधावरच्या माणसांकडेच आहे.

हे आजोबा सकाळपासून चिखलाची ढेकळं लावताहेत. कुल्ल्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, एकेक भोक बुजवतात, नाहीतर तिथूनच पाणी पाझरायला लागतं. खारफुटीच्या मुळांजवळचं हे एक भोक त्यांनी तसंच ठेवलंय. त्याच्या तोंडाशी ताजी विष्ठा आहे, माशांच्या खवल्यांनी चमकणारी.