बाँडचा बाप स्वतः हेर होता का? एकदाचं बोलूनच टाकू

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली पुन्हा तेच. "दादा, इयान फ्लेमिंग स्वतःच जेम्स बाँड होता ना?" अहो, नव्हता! तो बाँडच्या कादंबऱ्यांचा लेखक.

आधीचं आयुष्य पटकन उरकतो. जन्म 1908, लंडन, पैसेवाल्यांचं घर. वडील खासदार, पहिल्या महायुद्धात 1917 साली मारले गेले. ईटनच्या बड्या शाळेत शिकला, सँडहर्स्टची लष्करी अकादमी अर्धवट सोडली, परराष्ट्र खात्याची परीक्षा हुकली. मग रॉयटर्समध्ये बातमीदारी, नंतर शेअर दलाली. झालं.

आता 1939. ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख ॲडमिरल गॉडफ्री यांनी त्याला मदतनीस म्हणून घेतलं. बसायचा कुठे? ॲडमिरल्टीच्या, म्हणजे नौदल मुख्यालयाच्या इमारतीत, 39 नंबरच्या खोलीत. टेबल, फायली, टिपणं. साहेबांचा पीए म्हणा ना! पण डोकं भन्नाट. शत्रूला गंडवायच्या युक्त्यांचं एक टिपण त्याच वर्षी गॉडफ्रींच्या सहीने निघालं, ते यानेच लिहिलं असं बरेच अभ्यासक मानतात. त्यात एक युक्ती होती: प्रेताच्या खिशात खोटे कागद ठेवायचे आणि ते शत्रूच्या हाती लागू द्यायचं. 1943 मध्ये स्पेनच्या किनाऱ्यावर हे खरंच केलं गेलं. केलं कोणी? दुसऱ्यांनी! आणि युक्ती एका जुन्या कादंबरीतली, हेही टिपणातच लिहिलेलं.

तरी आमचे मामा प्रत्येक लग्नात मला कोपऱ्यात घेऊन म्हणतात, "अरे, कमांडो होता तो." मामा, कमांडोंची तुकडी त्याने उभारायला लावली. शत्रूचे कागद, सांकेतिक पुस्तकं पळवून आणायला. स्वतः? 1942 च्या फ्रान्समधल्या दिएपच्या हल्ल्यात तो होता, पण जहाजावर. किनाऱ्यावर उतरलाच नाही. इतकी गुपितं ठाऊक असलेला माणूस शत्रूच्या हाती लागला असता म्हणजे?

अजून पटत नाही? मग पिस्तुलाचं ऐका. 1956 मध्ये जेफ्री बूथरॉइड नावाच्या वाचकाने पत्र लिहिलं की, तुमच्या बाँडकडचं बेरेटा हे बायकांच्या पर्समधलं पिस्तूल आहे, बदला. खऱ्या हेराला हे वाचकाने सांगावं लागतं का? फ्लेमिंगने मुकाट ऐकलं. पुढे 'डॉ. नो' कादंबरीत बाँडच्या हातात वॉल्थर पीपीके दिलं, आणि ते देणाऱ्या पात्राचं नाव ठेवलं मेजर बूथरॉइड. बघा, कमेंट करावी तर अशी! मला येतात त्या "शर्ट कुठून घेतला" आणि "अर्नाळकरांवर कधी करणार" अशा. करतो, अर्नाळकरांवर नक्की करतो.

लिहिणंसुद्धा नोकरदाराचंच. युद्धानंतर वर्तमानपत्रात लागला तोच दर हिवाळ्यात दोन महिने सुट्टीच्या बोलीवर. जमैकात घर बांधलं, गोल्डनआय. 1952 पासून तिथे रोज साधारण दोन हजार शब्द. नायकाचं नावही एका पक्षितज्ज्ञाच्या पुस्तकावरून उचललं. 1964 मध्ये हा खरा जेम्स बाँड त्याच्या दारात आला, तेव्हा याने कादंबरीवर "नाव चोरणाऱ्याकडून" असं लिहून ती भेट दिली. त्याच ऑगस्टमध्ये फ्लेमिंग हृदयविकाराने गेला, वय 56.

सुरुवात कोणत्या पुस्तकापासून करायची? 'फ्रॉम रशिया, विथ लव्ह'. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या आवडत्या दहा पुस्तकांत होतं. फक्त आधीच सांगतो, पहिली दहा प्रकरणं बाँड येतच नाही. रशियन अधिकारी बैठका घेतात, फायली मागवतात, सह्या करतात. आणि ते वाचताना पान सोडवत नाही. कंटाळलात तर शिव्या मला द्या, खाली जागा आहेच.